आवाज कुणाचा?

प्रत्येक ऑफिसात एक असा माणूस असतो बघा. मातकट रंगाचा शर्ट, कोपऱ्यातलं डेस्क, पार्टीच्या फोटोत सगळ्यात मागे अर्धा दिसणारा. त्याचं नाव विचारलं तर चौघांपैकी तिघं डोकं खाजवतात. पण तो आठवडाभर रजेवर गेला की चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, ‘अरे यार, काहीतरी मिसिंग आहे ना इथे?’

पक्ष्यांच्या दुनियेतही असा एक कलीग आहे. वर्षातले सात-आठ महिने तो आपल्या शहरात मुक्काम ठोकून असतो. तुमच्या सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात, आयटी पार्कच्या बोगनवेलीत, एफसी रोडवरच्या एखाद्या कॉलेजच्या मागच्या झाडोऱ्यात. तुम्ही तो जवळजवळ नक्की ऐकलेला आहे. बहुतेक पाहिलेला मात्र नाही. सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना झुडपातून दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज येतो. ‘चक्.’ मग दोन-तीन सेकंद गप्प. परत ‘चक्.’ तुम्ही म्हणता, खार असेल. नाही बॉस, खार नाही. तो सैबेरियाच्या किंवा फिनलंडच्या बाजूने आलेला पाहुणा आहे.

त्याचं इंग्रजी नाव ब्लिथ्स रीड वॉर्बलर. मराठीत या भाऊबंदांना मिळून आपण झक्कास नाव दिलंय, वटवट्या. दिवसभर एकच शब्द घोळवत बसणाऱ्या प्राण्याला याहून चांगलं नाव ते काय असणार!

नावात काय आहे? गडबड आहे!

आधी त्याच्या नावाची गंमत सांगते. ‘रीड’ म्हणजे पाण्याकाठचा बोरू, वेत, पाणकणीस वगैरे मंडळी. आता नाव वाचून तुम्ही पाषाण तलावाच्या काठावर पाणकणसाकडे दुर्बीण लावून बसलात तर संडे फुकट जाणार. कारण हा पठ्ठ्या बोरूत फारसा राहतच नाही. त्याला लागतं झुडूप. कोरडं असो, ओलं असो, घाणेरीचं असो की जास्वंदीचं. पण झुडूप हवं, आणि आत लपायला अंधार हवा. त्याच्या शास्त्रीय नावात हे अगदी बरोबर लिहिलंय. अ‍ॅक्रोसेफॅलस ड्युमेटोरम. ‘ड्युमेटोरम’ म्हणजे झाडोऱ्यातला. फिनलंडमधले लोकही त्याला स्वतःच्या भाषेत ‘झाडोऱ्यातला वॉर्बलर’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. इंग्रजी नाव मात्र बोरूत अडकून पडलं, कारण त्याचे जवळचे नातलग बोरूत राहतात. आडनावावरून गाव ओळखायला जावं आणि माणूस भलत्याच गावचा निघावा, तशातली गत.

आणि हा ब्लिथ कोण? एडवर्ड ब्लिथ. लंडनमध्ये औषधांचं दुकान चालवणारा तरुण. दुकान बुडालं, कारण मालकाचं सगळं लक्ष पक्षी-प्राण्यांकडे. मग १८४१ मध्ये तो कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या म्युझियममध्ये क्युरेटर म्हणून आला आणि वीसेक वर्षं तिथेच राहिला. पगार बेताचा. वाढवून मागितला तरी वाढेना. (ओळखीचं वाटतंय ना?) तरी माणसाने काम किती करावं! देशभरातून पेट्या भरभरून येणारे नमुने तपासायचे, नावं द्यायची, जर्नलमध्ये लिहायचं. चार्ल्स डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि डार्विनने आपल्या ग्रंथात त्याच्या मतांना मान दिलाय. आपल्या या मातकट पक्ष्याचं वर्णन ब्लिथने १८४९ मध्ये केलं. १८६२ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे तो इंग्लंडला परत गेला. अप्रेझलचा सीझन आला की मला हमखास ब्लिथ आठवतो. त्याच्या बॉस लोकांची नावं आज कुणालाही आठवत नाहीत. त्याचं नाव मात्र दर सप्टेंबरला आपल्या झुडपात येऊन ‘चक्’ म्हणतं.

ओळखायचा कसा? चार प्रश्न विचारा

वॉर्बलर म्हटलं की भले भले पक्षीनिरीक्षक हात जोडतात. सगळे लहान, सगळे तपकिरी-हिरवट, आणि सगळे एका जागी दोन सेकंद टिकत नाहीत. पण घाबरायचं कारण नाही. पोलीस तपासासारखं क्रमाने जायचं.

प्रश्न पहिला: महिना कोणता? जूनमध्ये तुमच्या कुंपणातून आवाज येत असेल तर तो हा नव्हे. तेव्हा हा गडी हजारो किलोमीटर दूर असतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबर ते एप्रिल आणि फार तर मेचे सुरुवातीचे दिवस, ही त्याची पुण्यातली हजेरी.

प्रश्न दुसरा: तो नेमका कुठे आहे? जमिनीपासून एक-दोन हातांवर, झुडपाच्या पोटात, हे त्याचं आवडतं ठिकाण. कधी तो झाडावरही चढतो, पण मूळचा तळमजल्यावरचा भाडेकरू. वड-पिंपळाच्या शेंड्यात, पानापानांत भिरभिरणारा हिरवट चिमुकला दिसला तर तो बहुधा ग्रीनिश वॉर्बलर. तोही हिवाळी पाहुणा, पण पेंटहाउसवाला. त्याच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी आणि डोळ्यावर लांबलचक फिकट भुवई असते, आणि आवाज ‘चिस्ली’ असा दोन अक्षरी, उंच पट्टीतला.

प्रश्न तिसरा: आवाज कसा? कोरडा, एकेरी, ठाम. ‘चक्’ किंवा ‘चॅक्’. फार चिडला की ‘चर्रर्र’. हा आवाज एकदा कानात बसला की ओळखीचं सत्तर टक्के काम झालंच म्हणून समजा. आपला बाराही महिने इथे राहणारा शिंपी ‘टुविट टुविट टुविट’ असा अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल इतका ओरडतो. त्याच्या डोक्यावर विटकरी टोपी, पाठ हिरवी आणि शेपटी वर. राखी वटवट्या करड्या पाठीचा, तांबूस पोटाचा आणि लांब शेपटीचा. उडताना चुटक्या वाजवल्यासारखा आवाज करतो. ही दोघं स्थानिक मंडळी. यांच्यात आणि पाहुण्यात घोळ व्हायचं कारण नाही.

प्रश्न चौथा: आणि दिसला तर कसा दिसतो? खरं सांगू? साधा. पाठ ऑलिव्ह छटेची तपकिरी, अंगावर ठिपके नाहीत, रेघा नाहीत. पोट मळकट पांढरं. चोच लांबट, कपाळ चपटं, त्यामुळे डोकं टोकाकडे निमुळतं दिसतं. डोळ्यावर फिकट भुवई असते, पण ती आखूड. चोचीपासून निघते आणि डोळ्यापाशीच जवळजवळ संपते. ‘चक्’ म्हणताना शेपटी झटकतो, कधी पंख्यासारखी जराशी पसरतो. लांबी साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीएवढीच, पण अंगाने सडपातळ. वजन दहा-बारा ग्रॅम. पाच रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच.

आता अ‍ॅडव्हान्स्ड बॅचसाठी थोडं जास्त. तलावाकाठच्या दाट पाणकणसात बसून खर्जातली कर्कश बडबड करणारा, चांगला बुलबुलाएवढा वॉर्बलर दिसला, तर तो क्लॅमरस रीड वॉर्बलर. म्हणजे खरा बोरूवाला. बाभळीच्या माळावर करड्या डोक्याचा, गालावर गडद छटा आणि खाली स्वच्छ पांढरा गळा असलेला दिसला, तर लेसर व्हाइटथ्रोट. त्याचा आवाजही ‘टक्’सारखा असतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबू नका, गळा बघा. कोरड्या खुरट्या झुडपांत फिकट वाळूच्या रंगाचे दोघं भेटतात, बूटेड आणि साइक्सेस वॉर्बलर. त्या दोघांना वेगळं करणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण एक गोष्ट पुणेकरांनी कॉलर ताठ करून सांगावी अशी. साइक्सेस वॉर्बलर ज्याच्या नावाचा आहे तो कर्नल विल्यम साइक्स आपल्याच दख्खनमध्ये नोकरीला होता, आणि १८३२ मध्ये त्याने इथल्या पक्ष्यांची जी यादी छापली तिच्यात हा पक्षी जगापुढे पहिल्यांदा आला. म्हणजे वॉर्बलरचं आणि आपल्या मातीचं नातं जुनं आहे.

कॅलेंडर विथ वटवट्या

मागची तीन वर्षं मी एक साधी वही ठेवलीय. बाल्कनीत चहा घेताना आवाज आला की तारीख, वेळ, कुठल्या झुडपातून. बस्स. फ्रीलान्सर असल्याचा एवढाच फायदा, सकाळी साडेआठला पंच करायचं नसतं. त्या वहीवरून आणि टेकड्यांवरच्या भटकंतीवरून त्याचं वर्ष असं दिसतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर. पावसाळा सरत आलेला, वेताळ टेकडी आणि तळजाई हिरवीगार, गवत कमरेपर्यंत, किडे भरपूर. पाहुणे उतरतात आणि उतरल्या उतरल्या भांडतात. प्रत्येकाला आपलं झुडूप हवं असतं. या दिवसांत ‘चक् चक्’ सगळ्यात जास्त ऐकू येतं. पुण्यात नवीन आलेली मंडळी जूनमध्ये फ्लॅट शोधताना ब्रोकरशी जी हुज्जत घालतात, तसाच प्रकार. फक्त डिपॉझिट नसतं.

नोव्हेंबर-डिसेंबर. सेटल झालेला पाहुणा. रोज त्याच कोपऱ्यात, साधारण त्याच वेळी. पहाटेपासून नऊपर्यंत जोरात, दुपारी थंड, संध्याकाळी दिवेलागणीला परत एक राउंड. हिवाळी मुक्कामातच प्रौढ पक्षी अंगावरची झिजलेली पिसं बदलतात. परतीच्या प्रवासाचं सर्व्हिसिंग म्हणा.

जानेवारी ते मार्च. इथे खरी परीक्षा. टेकडीवरची बरीचशी झाडं पानं टाकतात, गवत वाळतं, वणवे लागतात. झुडपातला अंधारच नाहीसा होतो. मग महत्त्व येतं ते ओलाव्याच्या जागांना. मुळा-मुठेचा काठ, ओढे-नाले, रोपवाटिका, एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या बागा आणि हो, पाइपने पाणी मारल्या जाणाऱ्या आपल्या सोसायट्या. सावर, पांगारा फुलले की किड्यांबरोबर फुलांतला मधही त्याला चालतो. बारीक फळंही तो खातो.

एप्रिल. आणि इथे पिक्चरचा क्लायमॅक्स. सहा-सात महिने एकच अक्षर बोलणारा हा माणूस जायच्या आधी अचानक गायला लागतो! मोठ्याने नाही, झुडपात बसल्या बसल्या, गुणगुणल्यासारखं. मध्ये ‘चक् चक्’ आहेच, पण त्याच्या आगेमागे शिट्ट्या, गिरक्या, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. मागच्या दोन्ही वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी हे ऐकलंय. त्यानंतर चार-सहा दिवसांत झुडूप गप्प.

मे ते ऑगस्ट. तिकडे उत्तरेला फिनलंड आणि बाल्टिक देशांपासून रशियाभर, पार सैबेरियापर्यंत आणि मध्य आशियात त्याचं माहेर पसरलंय. तिथे जूनमध्ये रात्र नावापुरतीच असते आणि हा रात्रभर गातो. एकच तुकडा घ्यायचा, चार-पाच वेळा सावकाश घोळवायचा, मग पुढचा तुकडा. रियाझाला बसलेल्या गवयासारखा. नक्कल करण्यात तर उस्ताद. आणि घर? जंगलाच्या कडेची झुडपं, पडीक शेतांत माजलेला झाडोरा, ओढ्याकाठचं रान. जमिनीलगत, गच्च वाढलेल्या झाडोऱ्यात छोटं वाटीसारखं घरटं, त्यात चार-सहा अंडी. म्हणजे देश बदलला, हवा बदलली, पण पत्ता तोच. झुडूप, तळमजला.

पुणे ते हेलसिंकी सरळ रेषेत सुमारे सहा हजार किलोमीटर. विमानाने जायचं तर आपल्याला व्हिसा, थर्मल आणि ईएमआय लागतो. हा दहा-बारा ग्रॅमचा जीव बहुतेक रात्रीचा उडत येतो. त्याच्या शेजारची बरीचशी गाणारी मंडळी हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हा मात्र आग्नेयेचा रस्ता धरतो आणि भारतीय उपखंडात येतो. त्याच्या जातीचं जवळजवळ सगळं हिवाळी बिऱ्हाड इथेच आहे. भारत, श्रीलंका आणि आसपासचे देश. ब्रिटनमध्ये एखादा वाट चुकून उतरला तर तिथले पक्षीवेडे सुट्टी टाकून, बोटीने शेटलंड बेटांवर जाऊन त्याला बघतात. आणि आपण? पार्किंगमध्ये, हेडफोन लावून.

‘चक्’ म्हणजे नेमकं काय?

हिवाळ्यात अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, बायको पटवायची नाही. मग हा बोलतो कशाला? याचं उत्तर त्याच्या चुलतभावाच्या अभ्यासातून मिळतं. १९९० च्या दशकात मधुसूदन कट्टी या संशोधकाने तामिळनाडूतल्या कळक्काड-मुंडन्थुराईच्या जंगलात ग्रीनिश वॉर्बलरच्या हिवाळी आयुष्याचा अभ्यास केला. निष्कर्ष असा, की हे पक्षी हिवाळ्यातही आपापल्या हद्दी राखतात आणि त्यांच्या हाकांचा संबंध त्या हद्दी राखण्याशी असतो. मोठ्या जंगलात प्रत्येकाचा आपला तुकडा, आणि दिवसभर ‘मी इथे आहे’ अशी पाटी वाजवत राहायची.

आपल्या कुंपणातल्या वटवट्याला ऐकताना मला हेच जाणवतं. त्याच्या ‘चक्’चं मराठी भाषांतर आहे, ‘ही जागा बुक्ड आहे.’ किडे मोजकेच, हिवाळा लांब. ज्याची जागा गेली त्याला दुसऱ्याच्या जागेत घुसावं लागतं, आणि तिथे आधीच कुणीतरी ‘चक्’ म्हणत बसलेला असतो. एक झुडूप तोडलं तर एक पक्षी ‘शेजारच्या झुडपात जाईल’ हे आपण किती सहज बोलून जातो! शेजारच्या झुडपात पंगत आधीच बसलेली असते.

सोसायटी मीटिंगमधला वटवट्या

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बाणेरच्या बाजूला मी भाड्याने राहते त्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून चाळीसेक फूट लांबीची एक पट्टी होती. घाणेरी, कोरांटी, आपोआप उगवलेलं सुबाभूळ, वर चढलेली बोगनवेल. नोटीस बोर्डावर कागद लागला: ‘मागील बाजूची झाडी काढून व्हिजिटर पार्किंग व लॉन करण्यात येईल.’ भाडेकरूला मीटिंगमध्ये मत नसतं, पण घरमालकीण काकूंनी मला त्यांच्या वतीने बोलायची चिठ्ठी दिली.

मीटिंगमध्ये मी पक्ष्याचं नाव सांगितलं. सेक्रेटरी काकांनी पहिलाच प्रश्न असा टाकला की मी क्षणभर गप्प झाले. ‘दुर्मीळ आहे का हा?’

‘नाही काका. अगदी कॉमन आहे.’

‘मग?’

त्या ‘मग?’वर मी नंतर बरेच दिवस विचार करत होते. दुर्मीळ असता तर वर्तमानपत्रात बातमी, फोटोग्राफरांची रांग, कदाचित पट्टी वाचलीही असती. कॉमन असणं हाच त्याचा गुन्हा. पण कॉमन राहतो कसा? चाळीस फुटांची अशी हजारो झुडपं शहरभर शिल्लक असतात म्हणून. २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतलाय. त्यातली चटका लावणारी गोष्ट म्हणजे नीलपंख. शेतातल्या तारेवर बसलेला, आपल्या आई-बाबांनी बसच्या खिडकीतून मोजलेला निळा पक्षी. तोही कमी होत चाललाय आणि त्याच्या धोक्याच्या पातळीचा नव्याने विचार करावा असं हा अहवाल सुचवतो. एकेकाळी त्याच्याबद्दलही कुणीतरी म्हणालंच असेल, ‘कॉमन आहे हो, मग?’

वटवट्याची जागतिक पातळीवर आज काळजी करावी अशी स्थिती नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. उगाच घाबरवण्यात मजा नाही. मी मीटिंगमध्येही तेवढंच म्हटलं. हा पक्षी इथे एप्रिलअखेरपर्यंत भाडेकरू आहे, आणि मध्येच घर खाली करायला लावू नका.

तळमजल्यावरच्या आजोबांनी मुद्दा काढला, ‘घाणेरी तर परदेशी तण आहे ना? वनखातंच काढतं.’ बरोबर आहे त्यांचं. घाणेरी बाहेरून आलेली, पसरते तिथे इतर काही उगवू देत नाही, आणि जंगलात ती काढायलाच हवी. पण काढून काय लावणार, हा प्रश्न शहरात कुणी विचारत नाही. घाणेरी काढून लॉन घातलं तर वटवट्याच्या लेखी ते डांबरच. घाणेरीच्या जागी करवंद, निरगुडी, अडुळसा, कोरांटी आधी लावली, ती वाढू दिली आणि मग टप्प्याटप्प्याने घाणेरी काढली, तर दोघांचंही जमतं.

शेवटी अस्सल पुणेरी तोडगा निघाला. निम्मं तुमचं, निम्मं आमचं. वीस फूट झाडी जानेवारीत गेली. तिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि दोन गाड्या बसतात. उरलेल्या वीस फुटांत सहा करवंदं आणि चार अडुळसे लावले, माळीकाका पाणी घालतात. आधी त्या पट्टीत दोन आवाज होते, दोन टोकांना. दोन आठवडे बरंच ‘चर्रर्र’ चाललं. मग एकच आवाज उरला, आणि तो २४ एप्रिलपर्यंत होता. दुसऱ्याचं काय झालं हे कुणी सांगणार नाही. शहरातली अशी हिशेबवही कुणी ठेवत नाही.

तुम्ही काय करू शकता? (फार काही नाही, पण नक्की करा)

एक. उद्या सकाळी गाडीत बसण्याआधी दोन मिनिटं हेडफोन काढा आणि सगळ्यात घाणेरड्या दिसणाऱ्या झुडपापाशी उभे राहा. जितकं गचाळ, तितका चान्स जास्त.

दोन. आवाज आला की झुडपाकडे धावू नका. चार-पाच पावलं लांब, स्थिर उभे राहा. हा भिडस्त आहे, पण उत्सुकही आहे. मिनिटाभरात फांद्यांच्या फटीतून एक चपटं कपाळ आणि लांबट चोच डोकावतेच. दुर्बीण घ्यायची झाली तर आठपट मोठं दाखवणारी पुरे. जास्त पॉवरची घेतलीत तर झुडपात फक्त पानं हलताना दिसतील.

तीन. फोनवर कॉर्नेल विद्यापीठाचं ‘मर्लिन’ अ‍ॅप फुकट मिळतं, आवाज ऐकून पक्षी सुचवतं. मदतीला उत्तम, पण अ‍ॅपने सांगितलं म्हणून लगेच नोंद करू नका. वरचे चार प्रश्न स्वतः विचारा. आणि अ‍ॅपमधला आवाज झुडपापाशी जोरात वाजवू नका प्लीज. त्याला वाटतं कुणीतरी घर बळकवायला आलंय, आणि खाणं सोडून तो भांडायला बाहेर येतो.

चार. नोंद ठेवा. वहीत ठेवा नाहीतर ‘ई-बर्ड’वर टाका. पहिला ‘चक्’ कोणत्या तारखेला, शेवटचा कोणत्या. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्यात निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे असतात. चहाचा ब्रेक तेवढाच असतो.

पाच. सोसायटीत किंवा ऑफिसच्या अ‍ॅडमिनकडे एवढंच म्हणा: कोपऱ्यातलं एखादं झुडूप हिवाळ्यात कापू नका. मेंदीचं कुंपण अगदी टेबलटॉप करू नका, खाली पानं पडू द्या. पानांखाली किडे, किड्यांमागे वटवट्या. खर्च शून्य.

मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ चाळताना एक गोष्ट दर वेळी लक्षात येते. आपल्या खेड्यापाड्यांत लोकांनी पक्ष्यांना भराभर नावं दिली, कारण ते त्यांच्या शेजारी राहत होते. आपणही शेजारीच राहतो. फक्त आपल्या आणि त्यांच्या मध्ये काच आहे, एसी आहे, डेडलाइन आहे. आणि या मातकट पाहुण्याला ना रंग ना तुरा. तो रीलमध्ये चालणार नाही. त्याच्या फोटोला लाइक्स पडणार नाहीत. तो फक्त हजर असतो, दरवर्षी, न चुकता.

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात पोरं घसा फाडून विचारतात ना, ‘अरे, आवाज कुणाचा?’ या सप्टेंबरात तुमच्या पार्किंगमध्ये पहिला ‘चक्’ ऐकू आला की मनातल्या मनात विचारा. उत्तर आता तुम्हाला माहितीये. आणि तारीख लिहून ठेवा हं, एप्रिलमध्ये तो गायला लागला की हिशेब लागेल, किती महिने सोबत होती ते.